स्वामी कुवलयानंद : योगशिक्षकांचा शिक्षक

दरवर्षी २१ जूनच्या सकाळी देशातील मैदाने, शाळांची पटांगणे आणि कचेऱ्यांच्या गच्च्या सतरंज्यांनी भरून जातात. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जाऊ लागला. योगाविषयीची ही आस्था स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु उरलेले ३६४ दिवस योग शिकू पाहणारा सामान्य माणूस काय करतो, हे पाहू गेल्यास चित्र तितकेसे समाधानकारक दिसत नाही. कोणी पुस्तकातील चित्रे पाहून शीर्षासन करू लागतो, कोणी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणाऱ्या माणसाच्या तालावर भस्त्रिका करतो, तर कोणी शेजाऱ्याला मानवलेला प्राणायाम आपणासही मानवेल या भरवशावर श्वास कोंडून बसतो. गाणे शिकावयाचे तर गुरू हवा, कुस्ती शिकावयाची तर वस्ताद हवा, हे ज्यांना सांगावे लागत नाही त्यांनाच योगासाठी मात्र शिक्षकाची गरज भासू नये, ही विचित्र गोष्ट आहे.

त्याहूनही अवघड प्रश्न पुढचा आहे. शिक्षक हवा हे मान्य केले, तरी पात्र शिक्षक कोणाला म्हणावे? भगवी वस्त्रे, लवचीक देह, वाक्चातुर्य की भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्या पुरुषाने आपल्या आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे वेचली, त्या स्वामी कुवलयानंदांचे चरित्र या संदर्भात पुन्हा डोळ्यांपुढे आणण्याजोगे आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक एवढीच त्यांची ओळख आज पुष्कळांना असते. वस्तुतः योगाच्या शिक्षकाला त्याची जबाबदारी शिकविणारा शिक्षक, हीच त्यांची खरी ओळख होय.

तालमीतील पहिला धडा

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे एका महाराष्ट्रीय कुटुंबात झाला. बालपण ओढगस्तीत गेले आणि मातापित्यांचे छत्रही लवकर हरपले. तथापि बुद्धी तल्लख होती आणि संस्कृतावर विशेष प्रभुत्व होते. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची मानाची संस्कृत शिष्यवृत्ती मिळविली. त्या काळी या शिष्यवृत्तीला केवढी प्रतिष्ठा होती, हे जुन्या पिढीतील शिक्षकांना ठाऊक असे. पुढे बडोद्याच्या महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. त्या काळात अरविंद घोष तेथे अध्यापक होते. लोकमान्यांच्या चळवळीचे वारेही तरुणांच्या मनात भरलेले होते. देशसेवेची ओढ गुण्यांना लागली ती याच दिवसांत.

परंतु त्यांच्या पुढील कार्याला खरे वळण दिले ते बडोद्याच्या एका आखाड्याने. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे चालक राजरत्न माणिकराव हे मल्लविद्या, दांडपट्टा, लाठी यांत निष्णात होतेच. शिवाय निखळलेले सांधे बसविण्यात त्यांचा हातखंडा होता. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे गुण्यांनी त्यांच्या हाताखाली शिक्षण घेतले.

या तालमीत गुण्यांना कसरतींच्या जोडीने आणखी एक मोलाची गोष्ट मिळाली. वस्ताद शिष्याच्या अंगावरून नजर फिरवतो आणि याला आज किती बैठका सोसतील, याच्या कोणत्या खांद्यावर भार टाकू नये, हे ताडतो. प्रत्येकाचे शरीर वेगळे, म्हणून प्रत्येकाचा अभ्यासक्रमही वेगळा, हे तत्त्व आखाड्यात कोणी फळ्यावर लिहून शिकवीत नाही. ते रोजच्या व्यवहारातून अंगी मुरते. शिवाय जो सांधा बसवू शकतो, त्याला तो कशाने निखळतो हेही ठाऊक असते. योगाकडे वळण्यापूर्वीच गुणे हा धडा घेऊन बसले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

खानदेशातील अध्यापक

पदवी घेतल्यानंतर गुणे अध्यापनाकडे वळले. खानदेश शिक्षण संस्थेच्या कार्यासाठी ते अमळनेरला आले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे याच गावी साने गुरुजींनीही शिक्षकाचे काम केले, ही आठवण महाराष्ट्राला आहेच. महाविद्यालयाची राष्ट्रीय वृत्ती परकीय सरकारच्या डोळ्यांत सलणे स्वाभाविक होते, आणि १९२० च्या सुमारास ते बंद पडले.

हे महाविद्यालय अल्पजीवी ठरले, तरी गुण्यांच्या मनावर त्या वर्षांनी कायमची मुद्रा उमटविली. शिक्षण म्हणजे गूढ वाढविणे नव्हे, तर उलगडणे. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला तर त्याला दटावणे नव्हे, तर उत्तर देणे, ही अध्यापकाची वृत्ती त्यांच्या ठायी पक्की झाली. पुढे ते स्वामी झाले, आश्रमाधिपती झाले, तरी त्यांच्यातील हा शाळामास्तर कधी निवृत्त झाला नाही. किंबहुना योगाच्या क्षेत्रात त्यांनी जे वेगळेपण दाखविले, त्याचे मूळ याच वृत्तीत आहे.

नर्मदातीरीचा गुरू

याच काळात, १९१९ च्या सुमारास, नर्मदेच्या काठी मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदासजींशी त्यांची गाठ पडली. माधवदासजी मूळचे बंगालचे. घरदार सोडून देशभर भ्रमण केल्यानंतर वृद्धापकाळी ते मालसरला स्थिरावले होते. मुंबईत वेसाव्याला १९१८ साली योगसंस्था सुरू करणारे श्रीयोगेंद्र हेही त्यांचेच शिष्य. म्हणजे आधुनिक काळात योग गुहेतून गावात आणणाऱ्या दोन प्रमुख संस्थांचा उगम एकाच वृद्ध योग्याच्या चरणांपाशी आहे.

संस्कृताचा एवढा व्यासंग असलेल्या गुण्यांना हठयोगाचे ग्रंथ वाचून समजले नसते असे नाही. तरीही ते गुरूपाशी गेले. कारण ग्रंथ क्रियेचे वर्णन करतो, चूक दुरुस्त करीत नाही. उड्डियान बंधाचेच उदाहरण घ्यावे. श्वास पूर्ण बाहेर टाकून, तो बाहेरच रोखून, छाती फुगविल्याचा आविर्भाव करावयाचा आणि पोट आत खेचले जाऊ द्यावयाचे, एवढेच त्याचे वर्णन. पण शिकणारा नकळत थोडासा श्वास आत घेतो आणि सारी क्रिया फसते. आपण श्वास घेतला हे त्याच्या लक्षातही येत नाही. ते लक्षात येते समोर बसलेल्या जाणत्याच्या. आपल्याला जे दिसत नाही ते ज्याला दिसते, तो शिक्षक. या अर्थाने शिक्षकाची गरज ही श्रद्धेची बाब नसून साध्या व्यवहाराची बाब आहे.

माधवदासजी १९२१ साली निवर्तले. सहवास लाभला तो थोड्याच काळाचा. पण गुरूकडून जे मिळाले ते जसेच्या तसे पुढील पिढीच्या ओटीत टाकण्याऐवजी ते पारखून घ्यावे, अशी ओढ गुण्यांना लागली होती.

क्ष-किरणांसमोर हठयोग

१९२० आणि १९२१ या वर्षांत बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात एक अपूर्व दृश्य दिसले. उड्डियान आणि नौली या हठयोगातील क्रिया करणाऱ्या साधकांना क्ष-किरणयंत्रासमोर उभे करण्यात आले, आणि त्या क्रिया चालू असताना उदरात नेमके काय घडते, हे प्रथमच शास्त्रीय साधनांनी पाहिले गेले. पुढे दाबमापकाच्या साहाय्याने शरीरातील पोकळ्यांमधील दाबाचीही मोजणी झाली. बस्तिक्रियेत साधक बाहेरून कोणताही जोर न लावता मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो, ते कसे, याचा उलगडा या प्रयोगांनी केला. नौलीच्या वेळी आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि म्हणून पाणी आपोआप आत शिरते, असे दिसून आले. या अंशतः निर्वात स्थितीला गुण्यांनी आपल्या गुरूचे, माधवदासांचे, नाव दिले. शोध प्रयोगशाळेतला आणि नाव परमहंसांचे! गुरुभक्ती आणि चिकित्सा यांत विरोध असलाच पाहिजे असे मानणाऱ्या दोन्ही पक्षांना यात उत्तर आहे.

चिकित्सा करावयाची तर ती आपल्या आवडत्या समजुतींचीही करावी लागते. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा प्रचंड साठा होतो, असे तेव्हा अनेक योगप्रचारक सांगत आणि आजही सांगतात. कुवलयानंदांनी प्राणायामाच्या वेळच्या श्वासवायूंचे मापन करून पाहिले. मंद गतीने दीर्घ श्वास घेताना आणि रोखताना नेहमीपेक्षा अधिक प्राणवायू मिळतो, ही समजूत त्यात टिकली नाही. तेव्हा प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र, म्हणजे श्वसनावरील नियंत्रणात, शरीरातील दाबाच्या फरकांत आणि मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला. प्रचाराला सोयीचे असलेले विधान शिष्यांसमोर खोडून काढण्याचे धैर्य किती गुरूंपाशी असते?

लोणावळ्याची प्रयोगशाळा

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू झाले. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. अप्पय्य दीक्षितांच्या अलंकारशास्त्रावरील ग्रंथाचे नावही ‘कुवलयानंद’च असल्यामुळे संस्कृतज्ञांच्या कानांना हे नाव अपरिचित वाटले नसेल. नियतकालिकाची रचना अध्यापकाला शोभेशी होती. प्रयोगांचे तपशील देणारा शास्त्रीय विभाग, त्यांचा अर्थ उलगडणारा निमशास्त्रीय विभाग आणि सर्वसामान्य वाचकांसाठी सुबोध विभाग अशी त्याची मांडणी असे. येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन यांच्यासारखे अभ्यासक लोणावळ्याला येऊन राहिले आणि त्यांनी स्वतः योगाभ्यास करून त्यावर ग्रंथ लिहिला.

पुढे स्वामींनी ‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ या विषयांवर ग्रंथ लिहिले. येथे एक आक्षेप सहज सुचतो. गुरूवाचून योग शिकू नये असे मानणाऱ्यानेच योगाची पुस्तके का लिहावीत? त्याचे उत्तर त्या पुस्तकांच्या पानांतच आहे. कृतीच्या वर्णनाइतकीच त्यांत सावधगिरीच्या सूचनांना जागा आहे. कान वाहणाऱ्यांनी, डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बल असणाऱ्यांनी, हृदय अशक्त असणाऱ्यांनी शीर्षासनासारख्या आसनांच्या वाटेला जाऊ नये, असे ते बजावतात. अभ्यास हळूहळू वाढवावा, थकवा येऊ देऊ नये, जोर लावू नये, हा त्यांचा सततचा आग्रह. पुस्तक शिक्षकाची जागा घेण्यासाठी नव्हते. शिक्षकाला जबाबदार करण्यासाठी होते. क्रिया गुप्त असेपर्यंत गुरू सांगेल तेच प्रमाण मानावे लागते. ती उघड्यावर आली की शिष्यालाही प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो.

एका थोर रुग्णाची हकिगत

मार्च १९२७ मध्ये दौऱ्यावर असताना कोल्हापूर परिसरात महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबामुळे एकाएकी ढासळली. विश्रांतीसाठी ते प्रथम आंबोलीस आणि पुढे नंदी टेकडी व बंगलोर येथे राहिले. त्या आजारपणात त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. दोघांत पत्रव्यवहार झाला. गांधीजींसारखा, स्वतःच्या देहावर प्रयोग करण्यात कोणाचे सहसा न ऐकणारा माणूस आपल्या प्रकृतीचा तपशील कळवी आणि त्याबरहुकूम मार्गदर्शन मागे. एका माणसाला, त्याच्या एका अवस्थेत, नेमके काय मानवेल याचा विचार करणे, आणि परिणाम पाहून सूचना बदलणे, हीच योगचिकित्सेची खरी रीत. आसनांची एकच यादी छापून साऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांना वाटणे ही ती रीत नव्हे.

एक शिक्षक, शंभर विद्यार्थी

तथापि प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक गुरू, ही व्यवस्था शाळेला परवडणारी नाही, हे शाळेत हयात घालविलेल्या या माणसाला कोणी सांगावयास नको होते. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांच्या कामात त्यांचा सहभाग होता आणि शाळांतील शारीरिक शिक्षणाचा प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा होता. १९३६ साली त्यांनी ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक सिद्ध केले. सामुदायिक रीतीने, एका शिक्षकाच्या आज्ञेवर, वर्गातील सर्व मुलांना करता येतील अशा यौगिक व्यायामांची त्यात योजना आहे. समूहात काय शिकवावे आणि व्यक्तिशः काय शिकवावे, हा विवेक त्यांनी येथे केला. समूहाला साधे व निर्धोक व्यायाम, आणि श्वास दीर्घकाळ रोखणे किंवा शुद्धिक्रिया यांसारख्या गोष्टी मात्र जाणत्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. मैदानावरील सामुदायिक योगाचे आजचे आयोजक हा विवेक जितका पाळतील, तितके ते कार्यक्रम उपकारक ठरतील.

मुंबईत १९३२ साली आरोग्यकेंद्र सुरू झाले आणि पुढे १९३६ मध्ये ते चौपाटीच्या किनाऱ्यालगत आले. परंतु केंद्रे उघडली की शिक्षक लागतात. ते आणावयाचे कोठून? १९५० च्या सुमारास लोणावळ्याला गोरधनदास सेक्सरिया यांच्या नावाचे योगमहाविद्यालय निघाले, ते या प्रश्नाचे उत्तर होते. योगशिक्षक तयार करण्यासाठी रीतसर अभ्यासक्रम, शरीरशास्त्राचे पाठ, संस्कृत ग्रंथांचे अध्ययन, प्रत्यक्ष साधना आणि परीक्षा असा क्रम तेथे आखला गेला. परंपरेत जे पात्र शिष्याच्या भाग्यावर सोडलेले होते, ते आता शिक्षणसंस्थेचे कर्तव्य झाले. पुढे १९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासमवेत त्यांनी योगचिकित्सेवर लिहिलेला ग्रंथ केंद्र सरकारच्या आरोग्यखात्यातर्फे प्रसिद्ध झाला. आयुष्याच्या अखेरीस लोणावळ्याला यौगिक रुग्णालयही उभे राहिले. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, स्वामी निवर्तले.

मर्यादा आणि वारसा

स्वामींच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत; तसे न करणे म्हणजे त्यांच्याच पद्धतीशी प्रतारणा होय. त्यांचे आरंभीचे प्रयोग मोजक्या व्यक्तींवर झाले. आसनांचा शरीरातील ग्रंथींवर होणारा परिणाम सांगताना त्यांनी काढलेली काही अनुमाने आजचे वैद्यकशास्त्र जशीच्या तशी स्वीकारणार नाही. पण आपले म्हणणे मोजमापाच्या कसोटीला लावण्याची वाट त्यांनीच दाखविली, आणि त्या वाटेने जाणाऱ्याने त्यांची चूक दाखविली तर तो त्यांचाच विजय ठरेल. दुसऱ्या बाजूस, त्यांनी दिलेल्या सावधगिरीच्या सूचनांचे महत्त्व मात्र वाढतच गेले आहे. डोके खाली आणि पाय वर केल्याने डोळ्यांतील दाब वाढतो आणि काचबिंदूच्या रुग्णांना तो घातक ठरू शकतो, हे आज नेत्रवैद्य सांगतात. मानेच्या मणक्यांचा विकार असलेल्याने सर्वांगासन करणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे होय.

आज योगशिक्षकांना प्रमाणपत्रे देण्याची सरकारी व्यवस्था झाली आहे. विद्यापीठांतून अभ्यासक्रम निघाले आहेत. हे सारे आवश्यकच आहे. पण प्रमाणपत्र ही पात्रतेची सुरुवात आहे, शेवट नव्हे. कुवलयानंदांच्या चरित्रातून पात्र शिक्षकाची जी लक्षणे निघतात ती साधी आहेत. तो स्वतः कोणाचा तरी शिष्य असतो आणि त्याची साधना अजून चालू असते. शरीराची रचना त्याला ठाऊक असते. शिकविण्यापूर्वी तो शिकणाऱ्याचे वय, दुखणी आणि दिनक्रम विचारतो. शिष्याच्या शंकेने तो रागावत नाही. औषधे बंद करा असे तो परस्पर सांगत नाही, तर वैद्याकडे पाठवितो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे तुम्ही करू नका, असे सांगण्याचे धारिष्ट त्याच्या अंगी असते.

दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरलेला कारकून, खडू हाती घेऊन तासन्‌तास उभा राहणारा शिक्षक, परीक्षेच्या काळजीने झोप उडालेला विद्यार्थी, यांना योगाचा लाभ व्हावयाचा तर तो चमत्काराने होणार नाही. थोड्या, नियमित आणि योग्य रीतीने शिकलेल्या अभ्यासाने होईल. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मात्र सतरंजी पसरण्यापूर्वी, समोर उभा असलेला माणूस वरील लक्षणांना उतरतो की नाही, एवढे पाहून घ्यावे लागते. एवढा चिकित्सकपणा शिष्याने दाखविला, तर खऱ्या शिक्षकाला त्याचा राग येणार नाही. लोणावळ्याच्या त्या शाळामास्तराला तर तो आनंदच वाटला असता.